तो कुठे जाणार?



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयापासून नाट्यसंगीतापर्यंत बरंच काही होऊन गेलं आहे. त्यामुळे माझ्या व्याख्यानाचं नाव कळल्यावर आपल्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी फोन करून विचारलं, "हे कुठल्या पुढाऱ्याबद्दल आहे का?" नाही. पक्ष बदलणाऱ्यांबद्दल बोलायला वर्तमानपत्रं समर्थ आहेत. मी बोलणार आहे ते खेळाडूंबद्दल. आणि त्याहून अधिक, खेळाडूंबद्दल बोलणाऱ्या लोकांबद्दल. एखाद्या मोठ्या खेळाडूचा करार संपतो, तो मोकळा होतो, आणि आता तो कोणाकडे सही करणार यावर जगभरची माणसं दिवसच्या दिवस तर्क लढवत बसतात. साहित्याच्या मंडळात हे कशाला, असं कुणाच्या मनात येईल. माझ्या मते हे आपलंच काम आहे. दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल हे चार खुणांवरून ताडायचं आणि त्याची गोष्ट रचायची, यालाच आपण कथा म्हणतो.

५ ऑगस्ट २०२१ या दिवसापासून सुरुवात करू. गुरुवार होता. सकाळी टोकियोत भारतीय पुरुष हॉकी संघाने जर्मनीला ५-४ असं हरवलं आणि कांस्यपदक मिळवलं. १९८० नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी ऑलिम्पिकचं पदक. त्या संघात इटारसीजवळच्या खेड्यातला विवेक सागर प्रसाद होता आणि मणिपूरचा नीलकांत शर्मा होता. दोघेही आपल्या भोपाळच्या राज्य हॉकी अकादमीत घडलेले. त्याच संध्याकाळी स्पेनमधून बातमी आली की लिओनेल मेस्सी बार्सिलोना सोडणार. लहानपणापासून ज्या क्लबात वाढला, त्याच क्लबाला आता त्याचा नवा करार करणं नियमांत आणि पैशांत बसत नव्हतं. जगातला सर्वांत नावाजलेला फुटबॉलपटू एका संध्याकाळीत मोकळा झाला.

पुढचे पाच दिवस आपल्या घराघरांतली तरुण मुलं काय बोलत होती, आठवून पाहा. पॅरिस की मँचेस्टर? पगार किती? नेमार त्याला बोलावतो आहे का? बायकोला कोणतं शहर आवडेल? मुलांची शाळा? १० ऑगस्टला त्याने पॅरिसच्या क्लबाशी दोन वर्षांचा करार केला आणि चर्चा मिटली. सकाळच्या कांस्यपदकाची चर्चा त्याआधीच मिटली होती, हेही सांगायला हवं. पण त्याची तक्रार करायला मी उभा नाही. मला कुतूहल आहे ते त्या पाच दिवसांचं. खेळ चालू नव्हता, गोल होत नव्हता, तरी माणसं इतकी गुंतली कशात?

जुन्या भोपाळात या बोलण्याला एक जागा होती. तुमच्यापैकी जे चौकात, इब्राहिमपुऱ्यात किंवा इतवाऱ्यात राहिले असतील, त्यांना पटिये आठवतील. दुकानांच्या आणि घरांच्या पुढे बसवलेल्या त्या दगडी फरशा. रात्री दुकानं बंद झाली, जेवणं उरकली की माणसं त्या पटियांवर येऊन बसत. बुद्धिबळ, कॅरम, पान, चहा आणि गप्पा. पटियेबाजी हा शब्द याच शहरातला. मराठीत आपण पारावरच्या गप्पा म्हणतो तसं. पण पार गावाचा असतो, दिवसाही भरतो आणि तिथे झाडाची सावली लागते. पटिया रात्रीचा, गल्लीचा, आणि तिथे बसायचं तर जीभ धारदार लागते. "को खाँ, क्या लगता है, कहाँ जाएगा?" या प्रश्नाला पटियावर कधी एक उत्तर नसे. प्रत्येकाजवळ आतली बातमी असे. कुणाच्या मेव्हण्याने ऐकलेलं असे, कुणी स्वतः त्या खेळाडूला स्टेशनवर पाहिलेलं असे, आणि स्टेशनवर पाहिलं म्हणजे तो दिल्लीला गेला, दिल्लीला गेला म्हणजे रेल्वेकडून बोलावणं आलं, अशी साखळी तयार होई. ही साखळी आणि आजच्या मुलांची 'विमानतळावर खासगी विमान उतरलं' ही साखळी यांत मला काही फरक दिसत नाही.

आता 'मोकळा खेळाडू' म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याला वाटतं, करार संपला की माणूस मोकळा. नोकरीत तसंच असतं. फुटबॉलमध्ये फार काळ तसं नव्हतं. बेल्जियममध्ये जाँ-मार्क बोस्मान नावाचा एक साधारण खेळाडू होता. १९९० मध्ये त्याचा लिएज क्लबाशी असलेला करार संपला. फ्रान्समधल्या डंकर्कच्या क्लबाकडे त्याला जायचं होतं. पण करार संपला तरी त्याच्या बदल्यात पैसे मिळाल्याशिवाय जुना क्लब त्याला सोडेना. तो कोर्टात गेला. पाच वर्षं भांडला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: करार संपल्यावर युरोपीय संघातल्या खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबात जाण्यासाठी कुणी पैसे मागू शकत नाही. आज मेस्सी, एम्बापे मोकळे होतात आणि कोट्यवधी घेतात, ते या निकालामुळे. बोस्मानची स्वतःची कारकीर्द त्या भांडणात संपली आणि पुढे तो हलाखीत राहिला. खेळाच्या पानांवर त्याचं नाव येतं ते 'बोस्मान निकाल' असं, एखाद्या कायद्याच्या कलमासारखं.

म्हणजे खेळाडूचं मोकळं असणं ही ताजी गोष्ट आहे. चाहत्याचं 'तो आपला आहे' हे वाटणं मात्र जुनं आहे. आणि या दोन गोष्टी एकमेकींवर आदळतात. २००१ साली लंडनमध्ये सोल कॅम्पबेल टॉटनहॅमचा कप्तान होता. करार संपला, तो मोकळा झाला, आणि शेजारच्या, पिढीजात वैरी असलेल्या आर्सेनलकडे गेला. कायद्याने त्यात काही वावगं नव्हतं. पण टॉटनहॅमच्या लोकांनी त्याला 'जुडास' ठरवलं आणि पुढे कित्येक वर्षं त्याची हेटाळणी केली. आपल्या कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचं फुटबॉल आहे. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार ही नावं ज्यांनी शाहू स्टेडियमवर ओरडून घेतली आहेत, त्यांना कॅम्पबेलची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते, आणि आपल्या गल्लीत वाढलेला पोरगा दुसऱ्या तालमीच्या रंगात दिसला की त्याच्या घरच्यांनाही चार दिवस मान खाली घालून चालावं लागतं. पेठ म्हणते, आम्ही तुला घडवलं. पोरगा म्हणतो, मला यंदा खेळायला मिळायला हवं. दोघंही खरं बोलत असतात.

करार येण्याच्या आधी काय होतं? आश्रय होता. आपण माळव्यातली, मध्य भारतातली माणसं. आपल्याला हे परकं नाही. सी. के. नायडू नागपूरचे. होळकरांनी त्यांना इंदूरला नेलं, आपल्या सैन्यात हुद्दा दिला, आणि नागपूरचा माणूस इंदूरचा कर्नल नायडू झाला. पुढे होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. १९४५ च्या अंतिम सामन्यात तर त्या संघाकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला. महायुद्धामुळे तो हिंदुस्थानात होता. त्याने मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा काढल्या आणि तरी होळकर हरले. विजय हजारे सांगलीचे. ते देवासच्या महाराजांच्या पदरी होते, मग बडोद्याला गेले. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ रूपसिंह ग्वाल्हेरला शिंद्यांच्या नोकरीत राहिले. तिथल्या स्टेडियमला आज त्यांचंच नाव आहे. या सगळ्यांनी 'सही' केली नव्हती. महाराजांची मर्जी झाली, हुद्दा मिळाला, घर मिळालं, आणि बायकामुलांसह बिऱ्हाड हललं. त्यातही लोक तर्क करत असणारच: नायडू राहणार की नागपूरला परतणार? पण त्या तर्कात पगाराआधी राजाचं नाव यायचं.

भोपाळचा आश्रय हॉकीला होता. नवाब हमीदुल्ला खान स्वतः पोलोचे मोठे खेळाडू. १९३१ मध्ये सुरू झालेली ओबेदुल्ला खान सुवर्णचषक स्पर्धा हा या शहराचा सणच होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये जर्मनीला अंतिम सामन्यात ८-१ ने हरवणाऱ्या ध्यानचंदांच्या संघात भोपाळचे अहसान महंमद खान आणि अहमद शेर खान होते. 'भोपाळ वाँडरर्स' हे नाव तेव्हा देशभर माहीत होतं. गल्लीगल्लीत झाडाच्या फांद्या तोडून काठ्या करायच्या आणि कापडाचा चेंडू मारत सुटायचं, अशी ही नगरी. असं शहर, अशी पटियेबाजी, आणि मग १९४७ आलं.

मी ज्याच्यासाठी हे व्याख्यान घेतलं, ते इथे आहे. 'तो कुठे जाणार?' हाच प्रश्न. फक्त आता संघाचा नव्हता, देशाचा होता.

त्या काळातली भोपाळची अवस्था जरा आठवावी लागेल. हे संस्थान भारतात सामील झालं, पण लगेच विलीन झालं नाही. विलीनीकरणाचं आंदोलन झालं, आणि १ जून १९४९ रोजी भोपाळचा कारभार केंद्राकडे आला. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं या शहरातला माणूस अधांतरी होता. सिंधमधून उखडून आलेले लोक बैरागढला छावणीत राहत होते, आणि त्याच वेळी इथली काही घरं सामान बांधत होती. नवाबांच्या थोरल्या कन्या आणि वारस आबिदा सुलतान, ज्या स्वतः हॉकी आणि पोलो खेळत आणि विमान चालवत, त्याही १९५० मध्ये कराचीला गेल्या. त्यांचे चिरंजीव शहरयार खान पुढे पाकिस्तानचे परराष्ट्र सचिव झाले आणि नंतर तिथल्या क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले. धाकट्या बहीण साजिदा इथेच राहिल्या. त्यांचे यजमान थोरले पतौडी आधी इंग्लंडकडून कसोटी खेळले होते आणि १९४६ मध्ये भारताचे कप्तान झाले होते. आता या राजघराण्यातच दोन वाटा फुटल्या, तर सामान्य खेळाडूच्या घराचं काय सांगावं!

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला भारत स्वतंत्र देश म्हणून पहिल्यांदा गेला. पाकिस्तानही पहिल्यांदाच गेला. बर्लिनमध्ये ध्यानचंदांबरोबर खेळलेले दारा या वेळी पाकिस्तानचे कप्तान होते. भारताने १२ ऑगस्टला वेम्बलीवर ब्रिटनला ४-० ने हरवून सुवर्णपदक घेतलं. ज्यांच्या राज्याखाली कालपर्यंत होतो त्यांच्याच घरात जाऊन. त्या भारतीय चमूत आपल्या प्रांतातले दोन तरुण होते, लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन. सुवर्णपदक विजेते म्हणून ते परत आले. आणि मग काही काळाने दोघंही पाकिस्तानात गेले.

१९५६ मध्ये मेलबर्नला अंतिम सामना भारत आणि पाकिस्तान यांच्यात झाला. रणधीरसिंह जंटल यांच्या एका गोलवर भारताने १-० असा जिंकला. जंटल, बलबीरसिंह, क्लॉडियस, फ्रान्सिस हे त्या भारतीय चमूतले चौघे १९४८ मध्ये लंडनला होते. आणि पाकिस्तानच्या चमूत लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन होते, तेही १९४८ मध्ये लंडनला होते, याच चौघांच्या बरोबर, याच रंगात. म्हणजे त्या दोन घरांत एक सुवर्णपदक भारताचं आहे आणि एक रौप्यपदक पाकिस्तानचं. चार वर्षांनी, १९६० मध्ये रोमला पाकिस्तानने भारताला १-० ने हरवलं आणि १९२८ पासूनची भारताची अखंड सुवर्णमालिका तुटली. त्या पाकिस्तानी संघाचा कणा मानला गेलेला सेंटर-हाफ अन्वर अहमद खान. जन्म कुठला? भोपाळ.

हे सांगताना माझ्यासमोर पटिया येतो. कल्पना करा, १९४९ ची रात्र आहे, चौकात माणसं बसली आहेत, आणि कुणीतरी विचारतं, लतीफ जाणार का? आज मुलं मेस्सीबद्दल जे बोलतात ते सगळं तिथेही बोललं गेलं असेल: तिकडे संघात जागा नक्की आहे, तिकडे नोकरी मिळेल, तिकडे मामा आहे, इकडे आई आहे. तर्काचं रूप तेच. पण उत्तर आलं की गल्लीतलं एक घर रिकामं होणार होतं, आणि तर्क करणाऱ्यातल्या निम्म्यांना तोच प्रश्न स्वतःच्या घरी सोडवायचा होता. मला वाटतं, दुसऱ्याबद्दल तर्क करण्याचा एक उपयोग हाही असतो. आपल्याला स्वतःला जे विचारायचं धाडस होत नाही, ते आपण लतीफच्या नावाने विचारतो.

जे राहिले, त्यांचंही बोललं पाहिजे. बर्लिनचे अहमद शेर खान यांचं घर इथेच राहिलं. त्यांचा मुलगा अस्लम १९५३ मध्ये याच शहरात जन्मला. १९७५ च्या विश्वचषकात क्वालालंपूरला मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारत मागे होता, शेवटची मिनिटं उरली होती, राखीव खेळाडू म्हणून अस्लम शेर खान मैदानात आला, गळ्यातल्या तावीजचं चुंबन घेतलं आणि पेनल्टी कॉर्नरवर गोल मारून बरोबरी साधली. तो सामना आपण जिंकला आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानला २-१ ने हरवलं. विश्वचषक भारताने तेवढा एकदाच जिंकला आहे. या गोष्टीवरून 'बघा, राहिलेल्याने फेडलं आणि गेलेल्याने बुडवलं' असा हिशेब काढणारे लोक मी पाहिले आहेत. तो हिशेब मला मान्य नाही. १९४९ मध्ये सामान बांधणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुलाला १९६० चं रोम दिसत नव्हतं, आणि न बांधणाऱ्या घराला १९७५ दिसत नव्हतं. सामना संपल्यावर त्याचा अर्थ लावणं सोपं असतं. त्या रात्री घरात दिवा लावून बसलेल्या माणसापुढे निकाल नसतो.

आता थोडं आपल्याकडे वळतो, कारण आपण मराठी घरं या शहरात कशी आलो हे आपण सोयीने विसरतो. थोडी घरं जुनी आहेत, पण आपल्यातले पुष्कळजण १९५६ च्या पाठीवर आले. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झालं, नागपूरची राजधानी गेली, आणि विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात सरकारी नोकरांची वाटणी करण्याची तरतूद होती. कोण मुंबईकडे, कोण भोपाळकडे. ज्याला वाटणी मान्य नाही त्याचं म्हणणं ऐकण्याचीही सोय होती. त्या वर्षी नागपुरातल्या महालात आणि धंतोलीत वाड्यांच्या ओसऱ्यांवर हाच प्रश्न चालला असणार: देशपांडे कुठे जाणार?

माझे वडील सचिवालयात कारकून होते. मराठी माणूस, नागपूरचं घर, मुंबई राज्यात जाऊन पुढे मराठी राज्य होण्याची आशा. सगळ्यांना वाटलं हा काही भोपाळला जात नाही. ते आले. पुढे कित्येक वर्षं आमच्या नातेवाइकांत त्याची कारणं सांगितली जात. कुणी म्हणे, बढती लवकर मिळेल म्हणून. कुणी म्हणे, साहेबांनी शब्द टाकला. एक काका तर म्हणत, त्याला हॉकी पाहायची होती! वडील हसत आणि काही बोलत नसत. त्यांची धाकटी बहीण तेव्हा होशंगाबादला दिलेली होती, आणि तिच्या सासरी तिला कुणी विचारत नव्हतं. भोपाळहून रविवारी जाऊन येता येत असे. कारण एवढंच होतं, आणि ते मला आत्याच्याच तोंडून कळलं, वडील गेल्यानंतर. ओसरीवरच्या एकाही तर्कात ते कारण नव्हतं. येणारही नव्हतं, कारण घरातली अशी कारणं ओसरीवर आणत नाहीत.

म्हणून आज जेव्हा आमच्याकडची मुलं म्हणतात, "आजोबा, एम्बापे पैशासाठीच गेला", तेव्हा मी वाद घालत नाही, पैसा असतोच. एवढंच म्हणतो की पैसा दिसतो म्हणून तो आपण मोजतो.

सध्याच्या भोपाळबद्दल एक-दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. २०१२ मध्ये 'वर्ल्ड सिरीज हॉकी' नावाची व्यावसायिक स्पर्धा झाली. तीत 'भोपाळ बादशाह' नावाचा आपला संघ होता आणि ऐशबागच्या मैदानावर सामने झाले. त्या स्पर्धेला हॉकी इंडियाची मान्यता नव्हती. तिकडे करार आणि पैसा, इकडे राष्ट्रीय शिबिर आणि लंडन ऑलिम्पिकची आशा. खेळाडूंना निवडावं लागलं, आणि काहीजण करार सोडून शिबिरात परतले. स्पर्धा एकदाच झाली आणि बंद पडली. ज्यांनी तिच्यासाठी राष्ट्रीय संघाची वाट सोडली, त्यांना आज कुणी मूर्ख म्हणतं, तेव्हा मला १९४९ आठवतं. आता हॉकी इंडिया लीग आहे. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा, २०२४ च्या लिलावात, हरमनप्रीतसिंहला ७८ लाख रुपये मिळाले. पण लिलाव म्हणजे मोकळा खेळाडू नव्हे, हे लक्षात घ्या. लिलावात क्लब निवडतात, खेळाडू खुर्चीवर बसून पाहतो. आणि त्या लीगमध्ये भोपाळचा संघ नाही. ज्या शहराने दोन देशांना हॉकीपटू पुरवले, तिथल्या मुलाचा 'आपला' म्हणावा असा संघ नाही. तो कोणत्या शहराकडे जाणार एवढंच आपण पाहायचं.

विवेक सागरला टोकियोनंतर राज्य सरकारने १ कोटी रुपये आणि पोलीस उपअधीक्षकाचं पद दिलं. मला हे वाचून होळकरांचा काळ आठवला. रेल्वे, पेट्रोल कंपनी, पोलीस: आपल्याकडे हॉकीपटूची खरी सही आजही नोकरीच्या कागदावर असते. युरोपातल्या मुलाला क्लब बदलता येतो, आपल्या मुलाला पेन्शन पाहावी लागते. त्याच्या आईलाही तेच हवं असतं, आणि तिचं चुकतं असं म्हणण्याची माझी हिंमत नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती. टी. टी. नगरच्या आणि बाराशे पन्नासच्या क्वार्टरांत वाढलेल्या घरांत, पिपलानी आणि बरखेड्याच्या भेलच्या घरांत, जुन्या ट्रंका असतील. त्यांत १९५६ च्या वाटणीचे आदेश, त्यावर कुणी केलेले अर्ज, नागपूरहून सामान आणल्याच्या पावत्या असतील. कुणाकडे सुवर्णचषकाच्या सामन्यांचे फोटो असतील, ज्यांत मागे पटियांवर बसलेली माणसं दिसत असतील. रद्दीत घालण्याआधी ते मंडळाच्या ग्रंथालयात आणून द्या. आणि घरात ऐंशी-नव्वदीतलं कुणी असेल, तर त्यांना विचारून ठेवा, त्या वेळी भोपाळ का निवडलं. पहिलं उत्तर बढतीचं येईल. ते लिहून घ्या, पण लगेच उठू नका.